तीस शब्दांचा तक्ता : आईसाठी फिनिश (प्रकल्प नोंदी)

१४ जानेवारी २०२४, हेर्वान्ता, ताम्पेरे (फिनलंड)

आईचं तिकीट झालं. ४ मेला येणार, ३० जुलैला परत. नव्वद दिवसांच्या व्हिसात बसवलंय.

काल फोनवर म्हणाली, "या वेळी तुझ्या समोरच्या आजींशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत. मागच्या खेपेला नुसतं हसून तीन महिने काढले. मला फार अवघडल्यासारखं झालं गं." मला ते लागलं. मी इथे सात वर्षं आहे, कामापुरतं फिनिश बोलते, लेक तर पाळणाघरात दिवसभर तेच बोलते. आणि आई दारात मान हलवून उभी राहायची.

म्हणून हा प्रकल्प. एक मोठा कागद फ्रिजवर लावायला, त्याचीच छोटी घडी पर्समध्ये ठेवायला. तीस ओळी, सगळ्या अभिवादनाच्या आणि रोजच्या सौजन्याच्या. व्याकरण अजिबात नाही. लिपी देवनागरी, कारण आई पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत होती. अक्षर डोळ्यांपुढे आलं की तिची जीभ आपोआप वळते. प्रत्येक ओळीचा आवाज फोनवर. मुदत एप्रिलअखेर.

२१ जानेवारी

पहिला कच्चा तक्ता एका बैठकीत लिहून काढला. मोई, हेई, किटोस, अँटिक्सी, टर्वेटुलोआ. मोठ्याने वाचला तेव्हा कानाला खटकला. हे फिनिश नाही, हे इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाने रोमन अक्षरं बघून वाचलेलं काहीतरी आहे.

पहिली चूक ट. आपण टी अक्षर दिसलं की ट लिहितो, कारण आपल्याला ते इंग्रजीच्या दारातून आलेलं आहे. फिनिश त दातांना जीभ लावून म्हणतात, सरळसरळ ताटातला त. प, त, क तिन्ही बिनश्वासाचे, म्हणजे फ-थ-ख कडे जराही न झुकणारे. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही सवय लावायला महिने लागतात. आपल्याकडे ती जन्मापासून आहे, आणि ती सोडून आपण उसना ट लावतो! व सुद्धा आपलाच, वारा-वात-वाटीतला. र जिभेच्या टोकाने थरथरवलेला, आपल्या घोटलेल्या र सारखा. जे हे अक्षर म्हणजे नेहमी य.

सगळे ट खोडून त केले. एवढ्या एका बदलाने तक्ता निम्मा सुधारला, अक्षरशः. 'किटोस' (म्हणजे आभार) म्हटल्यावर लेकीने मान वर केली नव्हती, 'किऽतोस' म्हटल्यावर तिने सवयीने "ओले हि॰वॅ" असं उत्तर दिलं. (हे गोल टिंब काय ते ११ फेब्रुवारीच्या नोंदीत. या आधीच्या नोंदी मी नंतर नव्या पद्धतीने दुरुस्त केल्या आहेत, कच्चा तक्ता तेवढा मुद्दाम तसाच ठेवलाय.)

४ फेब्रुवारी

आता खरं काम. लांबी.

फिनिशमध्ये स्वर आखूड की लांब यावर अर्थ बदलतो, आणि व्यंजन एकेरी की दुहेरी यावरही बदलतो. सगळ्यांना पहिल्या आठवड्यात सांगतात ते उदाहरण असं: तुलि म्हणजे आग, तुऽलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. आमच्या ट्रामला यातले दोन रोज भेटतात. रेल्वे स्थानकाच्या अलीकडचा थांबा तुल्लि, आणि स्थानक, कोस्किपुइस्तो मागे टाकलं की तुऽलेन्सुऽ, वाऱ्याचं तोंड. सात वर्षं मी दोन्ही एकाच लांबीने म्हणत होते.

दुहेरी व्यंजन आपल्याला जड नाही. खडा आणि खड्डा यात कुठल्याच मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. कुका म्हणजे कोण, कुक्का म्हणजे फूल. मातो म्हणजे किडा, मात्तो म्हणजे सतरंजी. हे आई एका दमात उचलेल.

स्वरांचं मात्र अवघड आहे, आणि अवघड आपल्या लेखननियमांमुळे आहे. शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: पाटी, वाळू. तो म्हणताना मोजूनमापून दीर्घ म्हणतोच असं नाही, पण डोळ्याला दीर्घच हवा असतो. 'तुलि' असं लिहिलं की शिक्षिकेचा हात लाल पेनाकडे जाणार. आणि इथे तर शेवटचा ऱ्हस्व हा ऱ्हस्वच म्हणायचा आहे. ए आणि ओ यांची आणखी वेगळी अडचण, आपल्याकडे त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकारच नाहीत. तुले म्हणजे 'ये', तुलेऽ म्हणजे 'येते'. ही जोडी कशी दाखवायची?

आणि अ-आ. फिनिश ए अक्षर म्हणजे आ, पण आखूड आ. आपला अ लिहावा तर तोंड उघडत नाही, आ लिहावा तर लांबतो.

ठरवलं ते असं. तक्त्यात कुठलीच मात्रा दीर्घ धरायची नाही. आ, ए, ओ, इ, उ सगळे आखूड. लांब असेल तिथे पुढे अवग्रह, ऽ. आपण हाक मारताना "आईऽ" लिहितो तोच. म्हणजे किऽतोस, आन्तेऽक्सि, इल्ताऽ. प्रमाणलेखन मोडलं, पण नियम एकच राहिला आणि तो डोळ्याला दिसतो.

ही बारकाई का, याचं एक उदाहरण वहीत लिहून ठेवते. तापाऽन सिनुत म्हणजे 'मी तुला भेटते'. तापान सिनुत म्हणजे 'मी तुला ठार मारते'.

११ फेब्रुवारी

तीन स्वर उरले होते, त्यातला एक फुकटात मिळाला. ज्या ए वर दोन टिंबं असतात तो म्हणजे आपला ॲ, बॅट-कॅपमधला. आपल्याकडे तो इंग्रजी शब्दांबरोबर आला, आता फिनिशच्या कामी येतोय. सादे म्हणजे पाऊस, सॅदे म्हणजे किरण. ताम्पेरेतला मुख्य रस्ता हॅमेऽन्कातु, हा हॅ बरोबर आला की लोक पुन्हा विचारत नाहीत. उलट ताम्पेरेच्या पहिल्या अक्षरात मात्र आ आहे, आपले लोक तिथे हटकून 'टॅ' म्हणतात.

उरले दोन, वाय आणि टिंबांचा ओ. हे आपल्याकडे नाहीत. बरेच जण वायला 'यु' लिहितात, तसं मुळीच लिहू नये. 'यु'मध्ये दोन आवाज आहेत, इथे एकच आहे. कृती अशी: ई म्हणायला लागा, जीभ जागची हलवू नका, फक्त ओठ शिट्टी वाजवायला करतो तसे गोल करा. आला तो वाय. तसंच ए म्हणता म्हणता ओठ गोल केले की टिंबांचा ओ.

खूण काय द्यायची यावर दोन दिवस गेले. रंगीत शाई नको, छोट्या झेरॉक्समध्ये ती जाते. शेवटी सापडली. आपल्याकडे 'रा॰ रा॰' किंवा 'कै॰' लिहितात ना, ते छोटं पोकळ वर्तुळ, लाघवचिन्ह. ते दिसतंच गोल ओठांसारखं. इ॰ म्हणजे ओठ गोल करून इ, ए॰ म्हणजे ओठ गोल करून ए. 'चांगला'ला फिनिश शब्द हि॰वॅ, आणि शुभरात्री म्हणजे हि॰वॅऽ इ॰ए॰तॅ. या एका ओळीत सगळ्या अडचणी एकत्र आहेत. ही तक्त्यात सर्वांत शेवटी ठेवणार.

२५ फेब्रुवारी

दुसरा तक्ता फोटो काढून आईला पाठवला होता. आज व्हिडिओवर दीड तास बसलो. मी समजावणार होते, पण शिकून मीच उठले.

तिने आधी नुसतं माझ्याकडून चारपाच वेळा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "यात लघु-गुरू आहे का गं?" मी म्हटलं, म्हणजे? तर तिने टेबलावर बोटांनी ठोके द्यायला सुरुवात केली. आखूड अक्षराला एक ठोका, लांबाला दोन. जोडाक्षर पुढे असेल तर आधीचं अक्षर गुरू, त्यालाही दोन. वृत्तात मोजतो तसंच. "यमाताराजभानसलगं आठवतंय की विसरलीस?"

आठवलं. हुओमेन्ता (सकाळचं अभिवादन): हुओ हा जोडस्वर, गुरू. मेन् पुढे जोडाक्षर, गुरू. ता आखूड, लघु. गुरू गुरू लघु. ताराज! आन्तेऽक्सि (माफ करा) तेही ताराज. नॅकेमिऽन, पुन्हा भेटेपर्यंत, लघु लघु गुरू, सलगं. आई भराभर सांगत गेली आणि ठोके धरून म्हणत गेली, आणि तिची लांबी माझ्यापेक्षा नेमकी येत होती. मी सात वर्षं अर्थ ऐकत होते. तिला अर्थ ठाऊकच नव्हता, म्हणून ती फक्त मात्रा ऐकत होती.

एक मुद्दा तिला समजावून द्यावा लागला. आघात. फिनिशमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, शब्द कितीही लांब असो. आणि जोर वेगळा, लांबी वेगळी. हि॰वॅऽ मध्ये जोर हि॰ वर पण ते आखूड. लांबायचं वॅऽ ला आणि तेही जोर न देता, हळू. सगळ्यांची गाडी इथे अडते, जोर दिलेलं अक्षर आपोआप लांबतं आणि शेवटचं तुटून जातं. आईने त्याला नाव दिलं: "टाळी पहिल्याला, श्वास शेवटच्याला." तक्त्याच्या डोक्यावर तेच लिहिणार.

प्रत्येक ओळीखाली ठोक्यांच्या खुणा घालायच्या ठरल्या. तक्ता तीन.

१० मार्च

ध्वनिमुद्रण. ऑफिसातली एक मैत्रीण आवाज द्यायला तयार झाली, मूळची इथलीच. पहिल्यांदा मी तिला "सावकाश म्हण" म्हटलं आणि सगळी मेहनत वाया गेली. सावकाश म्हटलं की आखूड स्वरही ताणले जातात, मग लांब-आखूड यातला फरकच पुसतो. दुसऱ्यांदा नेहमीच्या गतीने, प्रत्येक शब्द तीनदा, मध्ये दोन सेकंद रिकामे. तेच ठेवलं.

मुद्रण ऐकताना ह कडे लक्ष गेलं. आपण बोलताना ह गिळतो, 'नाही'चं 'नाय' होतं. इथे व्यंजनाआधीचा ह स्पष्ट फुंकलेला असतो. नॅह्दॅऽन, म्हणजे 'भेटू', यातला ह ऐकू आलाच पाहिजे. द म्हणताना जीभ दातांच्या जरा वर, हिरडीवर. आपला द आणि ड यांच्या मधली जागा. द लिहिला, चालेल.

९ एप्रिल

आज सरकारी इमारतींवर झेंडे. फिनिश भाषेचा दिवस. मिकाएल आग्रिकोला १५५७ साली याच तारखेला गेले. १५४३ मध्ये छापलेलं त्यांचं बाराखडीचं पुस्तक हे फिनिशमधलं पहिलं छापील पुस्तक. भाषेचा झेंडादिन एका अंकलिपी लिहिणाऱ्याच्या नावे, ही गोष्ट आईला कळवली. तिचा उलट संदेश: "योग्य केलं त्यांनी."

२० एप्रिल

तीस ओळींची निवड संपवली. काय घेतलं यापेक्षा का घेतलं ते लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

मोइ आणि हेइ. यांच्याने सगळं भागतं, बसचा चालक, दुकान, डॉक्टर, लहान मूल. दोनदा म्हटलं की निरोप: मोइ मोइ, हेइ हेइ. ताम्पेरेत वर मोरो. हा खास इथला, ऐकला की समोरचा जरा खुलतो. तेर्वे, म्हणजे मुळात 'निरोगी'. पुरुषमंडळींत जास्त ऐकू येतो.

वेळेची अभिवादनं. हि॰वॅऽ हुओमेन्ता, हि॰वॅऽ पॅइवॅऽ, हि॰वॅऽ इल्ताऽ. आपण 'शुभ प्रभात' बोलताना कुणाला म्हणत नाही, ते फोनवर फुलांच्या चित्राबरोबर येतं. इथे खरंच म्हणतात, आणि सकाळी तर नुसतं "हुओमेन्ता!" एवढंच.

मितॅ कुऽलुऽ. शब्दशः 'काय ऐकू येतंय?' आपलं "काय म्हणताय?" अगदी जवळचं. पण हे येताजाता फेकायचं वाक्य नव्हे, विचारलं तर थांबून उत्तर ऐकायचं. त्यामुळे आईला हे फक्त समोरच्या आजींसाठी दिलंय. प्रश्न असूनही सूर वर चढत नाही, वाक्य खालीच उतरतं.

ओले हि॰वॅ आणि ओल्काऽ हि॰वॅ. देताना म्हणायचं, 'घे' आणि 'घ्या'. शब्दशः 'चांगला राहा, चांगले राहा'. इथे बहुतेक लोक सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यामुळे मी पहिलाच घेणार होते. आईने ऐकलं नाही. "माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईला मी 'घे' म्हणू?" दोन्ही घेतले. बरं झालं, जुन्या पिढीतल्या लोकांना 'तुम्ही' अजून रुचतं.

किऽतोस सामोइन. 'आभार, तुम्हालाही.' दुकानात, बँकेत, लिफ्टमध्ये कुणी शुभेच्छा दिली की हे उत्तर. यासाठी मी स्वतः दोन वर्षं अडखळत होते.

गाळलं ते 'कृपया'. फिनिशमध्ये त्याला एकच असा शब्द नाही, किऽतोस शेवटी लावला की विनंती होते.

५ मे

आई आली. बूट काढून आत आली आणि विचारलं, "बुटांना काय म्हणतात?" केङ्ङॅत. ङ ऐकून तिचा चेहरा उजळला. पहिलीच्या मुलांना आयुष्यभर शिकवलेलं अक्षर, वाङ्मयाशिवाय ज्याला कुठे घर नाही, ते इथे बुटांत आणि हेल्सिङ्ङिस्सॅ, म्हणजे 'हेलसिंकीत', यात राजरोस नांदतंय. घरात कुणी चपला घालून फिरत नाही हेही तिला आवडलं.

१२ मे

मातृदिन. इथे मेचा दुसरा रविवार, झेंड्याचा दिवस. लेकीने पाळणाघरात केलेलं कार्ड आजीलाच दिलं: हि॰वॅऽ ॲइतिएन्पॅइवॅऽ. ॲइति म्हणजे आई. आई म्हणाली, आपलाच शब्द. नातं काही नाही, हा शब्द फिनिशमध्ये फार जुन्या काळी जर्मानिक भाषेतून आला. पण तिने तो दिवसभर तोंडात घोळवला आणि त्या निमित्ताने ॲइ हा जोडस्वर पक्का झाला. पॅइवॅऽ आपोआप सुधारलं.

वायचा स्वर मात्र येत नव्हता. "इ॰" म्हणताना जीभ मागे जाऊन उ होत होता. लेक समोर बसली, आजीची हनुवटी धरली आणि म्हणाली, "आजी, ई म्हण. म्हणत राहा. आता मला पापी दे." ओठ पुढे आले आणि स्वर आला. माझ्या शिट्टीच्या सूचनेपेक्षा ही सरस. तक्त्यात बदल केला.

१९ मे

आई एकटी दुकानात गेली. गल्ल्यावरच्या मुलीने "मोइ" म्हटलं, आईने "मोइ". पैसे दिले. मुलीने विचारलं, "कुइत्ति?" आईला ते "किऽत्ति" वाटलं, म्हणजे थँक्सचं सैल रूप, तक्त्यात ओळ ११. तिने हसून "ओल्काऽ हि॰वॅ" म्हटलं. मुलगी थांबली, पावतीचा कागद वर धरून दाखवला. कुइत्ति म्हणजे पावती. आईने "किऽतोस" म्हणून घेतली.

तिने तक्त्यावर दोन शब्द शेजारीशेजारी लिहिले, कु-इ आणि कि-ऽ. चूक तक्त्याची होती. दुकानात हमखास ऐकू येणारा शब्द मी 'अभिवादन नाही' म्हणून गाळला होता. बोलायच्या शब्दांइतकेच ऐकायचे शब्द लागतात. ओळ ३१ वाढवली.

२ जून

समोरच्या आजींनी आम्हाला कॉफीला बोलावलं. दार उघडून त्या म्हणाल्या, तेर्वेतुलोआ, या, स्वागत. आईने "किऽतोस" म्हटलं, आणलेले बेसनाचे लाडू पुढे करून "ओल्काऽ हि॰वॅ". आजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. पुढचा तास कॉफी, दालचिनीचे गोड पाव म्हणजे कोर्वापुऽस्ति, आणि मी मध्ये दुभाषी. आईने "मितॅ कुऽलुऽ?" विचारल्यावर आजींनी गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, आणि आईने एक शब्द न कळता संपूर्ण ऐकली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या तक्त्यात तेर्वेतुलोआ चुकलंय. त्या तेर्वेत्तुलोआ म्हणाल्या. त जोड होता."

मी म्हटलं, एकच त आहे, सगळीकडे एकच लिहितात, पायपुसण्यावरसुद्धा. दाखवलं. ती मानेना. टेबलावर ठोके दिले. "तुझं हे बघ: तेर दोन, वे एक, तु एक, लो एक, आ एक. सहा. त्यांचं सात झालं. वे गुरू होता. पुढे जोडाक्षर असल्याशिवाय वे गुरू होईल का?"

मैत्रिणीचं मुद्रण लावलं. तीनदा म्हटलेलं, तिन्ही वेळा सात. माझ्याच फोनमध्ये तीन महिने पडलेलं होतं.

६ जून

वाचनालयात भाषा-कॅफे असतो, तिथे शिकवायला येणाऱ्या बाईंना विचारलं. त्या आनंदाने उठून फळ्याकडेच गेल्या. याला रायाकाह्देन्नुस म्हणतात, सीमेवरचं द्वित्व. काही शब्दांच्या शेवटी पूर्वी एक व्यंजन होतं, ते झिजून गेलं, पण जाताना जागा ठेवून गेलं. पुढे व्यंजनाने सुरू होणारा शब्द आला की ती जागा भरायला ते व्यंजन दुप्पट होतं. लिहिताना दाखवत नाहीत, बोलताना बहुतेक फिनिश लोक नकळत करतात. तेर्वे हा असाच शब्द. 'ये' म्हणायचं तुले हाही. आज्ञार्थ बहुतेक असेच, म्हणजे ओले हि॰वॅ सुद्धा प्रत्यक्षात ओलेह्हि॰वॅ.

त्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आईने, ती महिन्याभरापूर्वी आलीय. त्यांनी पुढच्या गुरुवारी तिला घेऊन यायला सांगितलं.

तक्ता पाच. ओळ २ : तेर्वेत्तुलोआ. ओळ ९ : ओलेह्हि॰वॅ. छापील स्पेलिंग बघून देवनागरी लिहायची सवय मी इथे सोडली. ट लिहिला तेव्हा इंग्रजीच्या डोळ्याने वाचत होते, एकेरी त लिहिला तेव्हा फिनिशच्या डोळ्याने. दोन्ही वेळा कानाने ऐकलं नव्हतं. सगळ्या ओळी मुद्रणावरून पुन्हा तपासल्या, आणखी दोन ठिकाणी दुरुस्ती निघाली.

२२ जून

युहान्नुस, ऐन उन्हाळ्यातला सण. शहर ओस, सगळे तळ्याकाठी. लिफ्टमध्ये कुणीतरी "हि॰वॅऽ युहान्नुस्ता" म्हटलं, आई क्षणभरही न थांबता "किऽतोस सामोइन". रात्री साडेअकराला बाहेर उजेड, आई गॅलरीत बसून वाती वळत होती.

७ जुलै

ताम्मेला चौकातला बाजार. स्ट्रॉबेरी इथे लिटरच्या मापाने, वाटाण्याच्या शेंगाही. आईने "मोरो" म्हटलं तर विक्रेता मान वळवून बघत राहिला आणि दुप्पट आवाजात "मोरो!" म्हणाला. शेजारच्या गाळ्यावर कुणी शंभर ग्रॅम मागितलं, "साता". आईने ऐकलं आणि माझा हात धरला. "शत?"

हो, शत. ॲइतिचं नातं नव्हतं पण याचं आहे. फिनिश ही आपल्या भाषाकुळातली नाही, पण हजारो वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांनी इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्यांकडून काही शब्द घेतले. साता त्यातला एक. हातोड्याला म्हणतात वासारा, तोही त्याच वाटेने आलेला, आपल्या वज्राचा भाऊ. एका गाळ्यापुढे उभं राहून मी हे सांगितलं. आईने एक लिटर स्ट्रॉबेरी घेतली, आणि वाटभर मध्येच साता, वासारा म्हणत राहिली.

३० जुलै

आज निघाली. समोरच्या आजी जिन्यात आल्या. आईने ओठ जुळवून नीट "नॅकेमिऽन" म्हटलं. मग मराठीत, "येते हं." आजींनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगितलं की आमच्याकडे जाताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि आईचा हात हातात धरून म्हणाल्या, "येते." पहिल्या अक्षरावर जोर, दोन्ही ए आखूड, त दातांवरचा. आई म्हणाली, उच्चारात काढण्यासारखं काही नाही.

फ्रिजवरचा तक्ता ती घेऊन गेली. माझ्याकडे प्रत उरली आहे.

११ ऑगस्ट

कराडहून फोन. तक्ता तिने स्वयंपाकघरात लावलाय आणि एक ओळ कमी असल्याची तक्रार आहे: "नॅकेमिऽन म्हणजे बघेपर्यंत ना? मग फोन ठेवताना काय म्हणायचं? फोनवर कुठे बघतो?"

त्यालाही शब्द आहे. कुऽलेमिऽन, पुन्हा ऐकेपर्यंत. फक्त फोनवरचा. मी एकदा म्हटलं. पलीकडून ओट्यावर बोटांचे ठोके ऐकू आले: दोन, एक, दोन. "राजभा," ती म्हणाली. "लिही, ओळ ३२."

लिहिली. तक्ता सहा.